खाण खोदायला इंजिनीअर कधीच लागत नव्हता

कॉलेजातली मायनिंग आणि मेटलर्जीची, म्हणजे खाणकाम आणि धातुशास्त्राची, डिपार्टमेंटं चालू ठेवावीत की बंद करावीत यावर सध्या जो वाद चालतो तो वाचला की वाटतं, दोन्ही बाजूंनी एकच चुकीचा इतिहास पाठ केलाय आणि आता त्याच्यावरून एकमेकांच्या उरावर बसलेत. एक बाजू म्हणते हा पेशा घाणेरडा, जुनाट, डोंगर पोखरणारा, नद्या नासवणारा, आता रिसायकलिंग आलंय, ऑटोमेशन आलंय, ड्रिल कुठे मारायचं ते कॉम्प्युटर सांगेल, आणि मुलं तरी कुठे येतायत या कोर्सला. दुसरी बाजू म्हणते अरे बाबांनो, तुमच्या इलेक्ट्रिक गाड्यांना आणि पवनचक्क्यांना तांबं, निकेल, लिथियम लागतं ते काय आभाळातून पडणारे का, खाण इंजिनीअर हाच उद्याचा हिरो आहे. गंमत बघा, दोघांच्याही डोक्यात खाण इंजिनीअर म्हणजे जमिनीतून माल वर काढणारा माणूस. एकाला माल नकोय म्हणून माणूस नकोय, दुसऱ्याला माल हवाय म्हणून माणूस हवाय.

माझं म्हणणं असं की माल काढायला हा माणूस कधी लागलाच नव्हता. हजारो वर्षं माणसं त्याच्याशिवाय खोदत होती, गाळत होती, ओतत होती. हा पेशा जन्माला आला तो हिशोबासाठी आणि जबाबदारीसाठी. खाली काय आहे, किती आहे, छत टिकेल का, पाणी कुठून शिरेल, भट्टीत टाकलेल्या दगडातून किती धातू उतरेल आणि उरलेल्या घाणीचं पुढे काय होईल, हे आधी सांगायचं, कागदावर सांगायचं, खाली आपलं नाव घालायचं, आणि वेळ आली तर मालकाच्या तोंडावर 'नाही' म्हणायचं. हा 'नाही' म्हणणारा माणूस आपल्याला हवाय का, आणि हवा असेल तर त्याची नोकरी कोणाच्या हातात असावी, यावर वाद व्हायला पाहिजे होता. अमेरिकेत १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला पंचवीसच्या आसपास मायनिंगचे कोर्स होते ते आता पंधराच्या आसपास उरलेत, वगैरे आकडे दोन्हीकडून फेकले जातात, पण त्या आकड्याने नेमकं काय गेलं हे कोणीच सांगत नाही.

आधी समोरच्यांचा सगळ्यात दमदार मुद्दा घेऊ, कारण तो खराच दमदार आहे. धातुशास्त्रातल्या मोठ्या उड्या बहुतेक वेळा डिग्रीवाल्यांनी मारलेल्या नाहीत. राजस्थानात जावरला जस्त गाळायचे ते बघा. जस्ताची गोची अशी की खनिजातून धातू सुटा व्हायला भट्टी जेवढी तापवावी लागते तेवढ्यात जस्ताची वाफच होते, ते ९०७ अंशालाच उकळतं, आणि ती वाफ गरम असताना हवेला लागली की परत भस्म, म्हणजे भट्टी उघडली की हाताला काहीच लागत नाही. जावरच्या कारागिरांनी वांग्याच्या आकाराच्या मातीच्या मुशी तोंड खाली करून बसवल्या, वर आग, खाली थंड भांडं, वाफ खालच्या बाजूला उतरवली आणि हवेचा स्पर्श न होऊ देता गोठवली. एकेका भट्टीत अशा छत्तीस मुशी. ब्रिस्टलच्या विल्यम चॅम्पियनने जस्त गाळायचं पेटंट घेतलं १७३८ मध्ये, तोवर जावरला हे काम शतकानुशतकं चालू होतं. तीच गोष्ट इतर ठिकाणी. पाऱ्याने चांदी वेगळी करायची पद्धत १५५४ मध्ये मेक्सिकोत पाचुकाला बसवली ती बार्तोलोमे दे मेदिना नावाच्या सेव्हिलच्या व्यापाऱ्याने. शेफील्डचा बेंजामिन हंट्समन घड्याळजी होता, स्प्रिंगसाठी एकसारखं पोलाद मिळेना म्हणून १७४० च्या दशकात मुशीत पोलाद वितळवायच्या मागे लागला. आणि फॉस्फरसवाल्या लोखंडाचं पोलाद करायचं कोडं १८७० च्या दशकात सोडवलं सिडनी गिलख्रिस्ट थॉमसने, जो लंडनच्या पोलीस कोर्टात कारकून होता. मग कशाला हवीत कॉलेजं?

हे सगळं खरं आहे, पण शोध लागल्यावर पुढे काय झालं तेही बघायला पाहिजे ना. १८५६ मध्ये हेन्री बेसेमरने हवा फुंकून पोलाद करायची पद्धत जाहीर केली, लोकांनी धडाधड लायसन्स घेतली, आणि त्यांच्याकडे जे पोलाद निघालं ते हातोड्याखाली तुटायला लागलं. बेसेमर खोटं बोलत नव्हता. त्याने प्रयोगाला जे लोखंड वापरलं होतं त्यात योगायोगाने फॉस्फरस कमी होता, बाकीच्यांच्या लोखंडात जास्त, आणि हे त्यालाही माहीत नव्हतं, त्यांनाही नव्हतं. हाताच्या कौशल्याची मर्यादा नेमकी इथे दिसते. कारागिराला आपल्या खाणीचा दगड, आपला कोळसा, आपली भट्टी इतकी पाठ असते की तिथे त्याला कोणी हरवू शकत नाही, पण दगड बदलला की तो आंधळा. अँड्र्यू कार्नेगीने आत्मचरित्रात हे मजेत सांगितलंय, की पूर्वीचा भट्टी मॅनेजर म्हणजे काठी घेऊन पाणी शोधणाऱ्यासारखा, भट्टीला काय झालंय ते अंगातल्या दैवी शक्तीने ओळखणारा. मग त्याने एक जर्मन केमिस्ट ठेवला तर कळलं की नावाजलेल्या खाणींचं खनिज सुमार निघतंय आणि ज्यांना कोणी विचारत नव्हतं त्यांचं उत्तम. आणि तो कारकून थॉमस? तो दिवसभर कोर्टात काम करून संध्याकाळी बर्कबेक इन्स्टिट्यूशनला रसायनशास्त्राच्या लेक्चरला जायचा, फॉस्फरसचं कोडं त्याला तिथेच भेटलं, आणि प्रयोग करायला त्याने हाताशी धरला तो मामेभाऊ पर्सी गिलख्रिस्ट, जो लंडनच्या रॉयल स्कूल ऑफ माइन्समध्ये शिकलेला आणि वेल्समधल्या ब्लेनाव्हनच्या लोखंडाच्या कारखान्यात केमिस्ट होता. बाहेरचा माणूस म्हणून ज्याचा दाखला देता तो इतका काही बाहेरचा नव्हता.

जर्मनीतल्या सॅक्सनी संस्थानात फ्रायबर्गची खाण अकादमी निघाली १७६५ मध्ये, आणि ती का निघाली हे बघितलं तर पेशाचं सगळं मर्म कळतं. सॅक्सनी सात वर्षांच्या युद्धात कंगाल झालेली. चांदीच्या खाणी होत्या पण शतकानुशतकं खोदून वरचं कसदार खनिज संपलेलं, खाली जावं तर पाणी. खोदणारे हात मात्र भरपूर, पिढ्यान्‌पिढ्या तेच करणारे. काय नव्हतं? पुढच्या शंभर फुटांत पैसा ओतावा की नाही हे कारणांसकट सांगू शकेल असा माणूस नव्हता. म्हणून गणित, मोजणी, नकाशे, खडकांचा अभ्यास, कस काढायचं रसायनशास्त्र हे सगळं एका छपराखाली आणलं. तिकडे शेम्निट्झला, म्हणजे आजच्या स्लोव्हाकियातल्या बान्स्का श्टियाव्निकाला, १७३५ पासून खाणशाळा होती आणि १७६० च्या दशकात मारिया तेरेझाने तिची अकादमी केली. तिथे विद्यार्थी स्वतः प्रयोगशाळेत हात घालून शिकायचे आणि ही पद्धत इतकी गाजली की १७९४ मध्ये पॅरिसला एकोल पॉलिटेक्निक उभी राहताना शेम्निट्झचा दाखला दिला गेला. मग सेंट पीटर्सबर्ग १७७३, स्पेनमधलं अल्मादेन १७७७, पॅरिस १७८३, मेक्सिको सिटी १७९२. इंजिनीअरिंग कॉलेज ही कल्पनाच जगात नवी होती तेव्हा त्यातली पहिली काही कॉलेजं खाणींची होती हे आज कॉम्प्युटरवाल्यांना सांगितलं तर खरं वाटणार नाही.

अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट १७९१ मध्ये फ्रायबर्गला गेला. सकाळी लवकर खाणीत उतरायचं आणि दुपारी वर्गात बसायचं असा दिनक्रम. नंतर प्रशियाच्या खाण खात्यात अधिकारी झाल्यावर त्याने श्टेबेनला खाण कामगारांसाठी फुकट शाळा काढली, स्वतःच्या खिशातून, आणि दूषित हवेत टिकणारा दिवा बनवायच्या मागे लागला, ज्याची चाचणी घेताना तो स्वतःच गुदमरून बेशुद्ध पडला. हा पंचविशीतला सरकारी अधिकारी खनिजाचं उत्पादन वाढवायच्या नोकरीवर होता आणि वेळ घालवत होता हवा आणि शिक्षण यावर. पेशाच्या आत ही ओढ सुरुवातीपासून होती असं मला म्हणायचंय.

इथे दुसरा आक्षेप येणार, आणि तोही टाळण्यासारखा नाही. ही सगळी विद्या राजाच्या तिजोरीसाठी होती, वसाहतींच्या लुटीसाठी होती. मेक्सिकोच्या खाण विद्यालयाचा प्रमुख फाउस्तो एल्हुयार, ज्याने भावाबरोबर १७८३ मध्ये टंगस्टन वेगळं केलं, तो फ्रायबर्गला शिकलेला. तिथलाच प्राध्यापक आंद्रेस मान्युएल देल रिओ, ज्याने १८०१ मध्ये व्हॅनेडियम शोधलं, तोही फ्रायबर्गला जाऊन आलेला. विद्या फ्रायबर्गची, चांदी मेक्सिकोची, खजिना माद्रिदचा. नाकारायचं काही कारणच नाही. पण इंजिनीअर आला म्हणून लूट आली असा जो सूर लावला जातो तो मात्र इतिहासाच्या उलटा आहे. आजच्या बोलिव्हियातल्या पोतोसीच्या चांदीच्या डोंगरात आदिवासी गावांमधून पाळीपाळीने सक्तीचे मजूर ओढून नेणारी मिता पद्धत स्पॅनिश व्हाइसरॉयने १५७० च्या दशकात लावली, चांदी वेगळी करायचा पारा पेरूतल्या वांकावेलिकाहून यायचा आणि तो काढणारे कामगार विषबाधेने झिजून मरायचे. तेव्हा कुठली अकादमी होती? लुटीला डिग्री लागत नाही, हुकूम आणि चाबूक पुरतो. इंजिनीअरने ती थांबवली नाही हा आरोप मात्र मान्य, आणि तो गंभीर आहे.

खरं तर हा वाद पावणेपाचशे वर्षांपूर्वी आपल्यापेक्षा बरा घातला गेला होता. योआखिम्सटालच्या खाणगावात डॉक्टरकी केलेल्या गेओर्ग अॅग्रिकोलाचा खाणींवरचा मोठा ग्रंथ १५५६ मध्ये, तो वारल्यावर वर्षभराने, बाझेलला छापून आला, त्याच्या पहिल्याच भागात तो विरोधकांचं म्हणणं ऐसपैस मांडतो. शेतं उजाड होतात, भट्ट्यांसाठी जंगलं तोडली जातात, मग पशुपक्षी नाहीसे होतात, खनिज धुतलेलं पाणी ओढ्यात जाऊन मासे मरतात. आजच्या कुठल्याही आंदोलनाच्या पत्रकात शोभेल अशी यादी. त्याचं उत्तर मात्र मला कधीच पटलेलं नाही: खाणी बहुतेक नापीक डोंगरात असतात तेव्हा नुकसान फारसं नाही, आणि तोडलेल्या जंगलाच्या जागी शेती करता येते. पण त्याच ग्रंथात तो पुढे धुळीने फुप्फुसं सडतात ते सांगतो, कार्पेथियन डोंगरातल्या खाणींकडे सात सात नवरे या रोगाने गमावलेल्या बायका आहेत असं लिहितो, आणि हवा खेळवायची यंत्रं चित्रांसकट देतो. खाणवाल्याला काय काय यायला हवं याच्या त्याच्या यादीत वैद्यक आहे, कायदा आहे, मोजणी आहे. तो ग्रंथ १९१२ मध्ये इंग्रजीत आणला तो हर्बर्ट हूव्हर आणि त्याची बायको लू यांनी, आणि हूव्हर स्वतः खाण इंजिनीअर, जो पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झाला. अध्यक्ष म्हणून कसा होता तो वेगळा विषय.

आता ब्रिटनकडे या, कारण 'अनुभव पुरेसा आहे, डिग्रीची नाटकं नकोत' हा प्रयोग तिथे पूर्ण करून झालेला आहे. युरोपभर अकादम्या निघत होत्या तेव्हा जगातला सगळ्यात मोठा कोळसा उत्पादक देश त्याशिवाय चालला होता. कॉर्नवॉलमध्ये खाणीतूनच वर आलेले कॅप्टन, उत्तरेत उमेदवारी करून तयार झालेले व्ह्यूअर, दोघेही खाण चालवणारे, आणि ही माणसं हुशार होती यात वाद नाही. लंडनला खाणींचं सरकारी कॉलेज निघायला १८५१ उजाडलं. पुढच्याच वर्षी न्यूकॅसलकडच्या खाण इंजिनीअरांनी आपली संस्था काढली ती कशासाठी? स्फोटांनी माणसं मरत होती, ते अपघात कसे टाळायचे यावर एकत्र बसून विचार करायला. उत्पादन वाढवायला मालक समर्थ होते.

आणि मग उत्तर इंग्लंडमधली हार्टलीची कोळशाची खाण. १६ जानेवारी १८६२, पाणी उपसणाऱ्या इंजिनाची बिडाची भली मोठी तुळई तुटली आणि तिचा वीस टनांहून जड तुकडा शाफ्टमध्ये, म्हणजे खाणीत उतरायच्या उभ्या विहिरीत, कोसळला. त्या खाणीला शाफ्ट एकच होता. माणसं, कोळसा, हवा, पाण्याचे पाइप सगळं त्याच एका भोकातून, मधे लाकडी पार्टिशन घालून. वर यायची वाट बुजली, हवा बंद झाली, आत पोचायला सहा दिवस लागले, २०४ माणसं आणि पोरं गेली. दुसरा शाफ्ट हवा हे कोणालाच कळत नव्हतं का? चांगलंच कळत होतं, आधी सांगितलंही गेलं होतं, पण शाफ्ट पाडायला पैसा लागतो आणि कायदा तसं काही मागत नव्हता. त्याच वर्षी कायदा झाला की दोन वाटा पाहिजेत. १८७२ च्या कायद्याने सांगितलं की कोळशाच्या खाणीचा मॅनेजर परीक्षा देऊन सर्टिफिकेट घेतलेला असला पाहिजे, म्हणजे चूक झाली तर ते काढून घेता येईल असा. माझ्या मते हा पेशा त्या दिवशी खऱ्या अर्थाने पुरा झाला. फ्रायबर्गने ज्ञान दिलं होतं, हार्टलीच्या प्रेतांनी अधिकार दिला.

(सुरक्षेची साधनं दिली की काम झालं असं मानणाऱ्यांसाठी एक कडू गोष्ट. १८१२ मध्ये इंग्लंडमधल्या फेलिंगच्या खाणीत स्फोटात ९२ जण गेले, त्यातून १८१५ मध्ये डेव्हीचा, बाहेरचा वायू पेटू न देणारा जाळीचा दिवा आला, आणि मालकांनी काय केलं तर आधी वायूमुळे सोडून दिलेले भाग परत उघडले. दिवा आला म्हणून मरणं थांबली नाहीत. साधन कोणाच्याही हातात जातं.)

तिसरा आक्षेप सगळ्यात अवघड. सर्टिफिकेटवाले, सहीवाले इंजिनीअर असतानाच तर मोठमोठ्या दुर्घटना झाल्या, त्याचं काय? १८७२ मध्ये कोलोरॅडोच्या एका पठारावर हिरे सापडल्याची बोंब झाली, हेन्री जॅनिन नावाच्या नामांकित खाण इंजिनीअरने जागा बघून ती खरी असल्याचं सांगितलं, बड्या लोकांनी पैसे ओतले, आणि हिरे बाहेरून आणून पेरलेले निघाले. फसवणूक उघड केली क्लॅरेन्स किंगच्या सर्वेक्षण पथकाने, ज्यांचा त्या कंपनीशी काही संबंध नव्हता. १९६६ मध्ये वेल्समधल्या अॅबरफॅनला खाणीतल्या टाकाऊ मालाचा ढीग घसरून शाळेवर आला, १४४ गेले त्यातली ११६ मुलं. ढीग झऱ्यांवर रचला होता आणि ते झरे नकाशावर होते. २०१९ मध्ये ब्राझीलमध्ये ब्रुमाजिन्यूला गाळाचं धरण, म्हणजे खनिज दळून उरलेला चिखल अडवणारा बांध, फुटून २७० माणसं गाडली गेली, आणि ते धरण स्थिर असल्याचं प्रमाणपत्र काही महिन्यांपूर्वीच दिलेलं होतं. एवढं झाल्यावर कोणी म्हणालं की तुमच्या सहीची किंमत काय, तर तो माणूस चुकीचं बोलत नाही.

पण मग उपाय काय, सहीच नको? ब्रुमाजिन्यूचं धरण ज्या पद्धतीने बांधलं होतं, म्हणजे साठलेल्या गाळाच्याच अंगावर पुढचा बांध चढवत न्यायचा, ती स्वस्त पडते आणि गाळात पाणी राहिलं तर तो एका क्षणात पातळ होऊन वाहतो. हे जगाला २०१९ मध्ये कळलं का? चिलीत १९६५ च्या भूकंपात एल कोब्रेचं असंच धरण फुटून दोनशेहून जास्त माणसं गेली होती आणि चिलीने ही पद्धत बंद केली होती. पन्नास वर्षांपूर्वीचं ज्ञान. कमी पडलं ते ज्ञान नव्हतं. तपासणाऱ्याला काम देणारा आणि पुढचं काम द्यायचं की नाही ठरवणारा एकच होता, हे दुखणं होतं. जॅनिनची फीसुद्धा हिऱ्यांवर डोळा ठेवून असलेल्यांकडूनच आली होती. आणि जिथे हे दुखणं ओळखून औषध दिलं तिथे फरक पडलाय. १९९७ मध्ये ब्रे-एक्स कंपनीचं इंडोनेशियातलं सोनं नमुन्यांत कालवलेलं निघालं, अब्जावधी डॉलर बुडाले, त्यानंतर २००१ मध्ये कॅनडाने नियम केला की साठ्याचा आकडा जाहीर करायचा तर त्यामागे नाव-गाव असलेला, पात्र आणि शिस्तभंगाला उत्तरदायी माणूस पाहिजे. ऑस्ट्रेलियाने निकेलच्या शेअर बाजारातल्या फुग्यानंतर असाच कोड तयार केला होता, १९८९ मध्ये. आता गुंतवणूकदाराला फसवू नये म्हणून जी शिस्त आहे ती धरणाखालच्या गावाला का नाही? २०२० मध्ये गाळाच्या धरणांसाठी जागतिक मानक आलं, त्यात जबाबदार इंजिनीअरचं नाव ठरलेलं असावं असं आहे, पण ते पाळणं बऱ्याच अंशी कंपनीच्या मर्जीवर. म्हणजे शेअरवाल्याला कायदा आणि गाववाल्याला सदिच्छा.

बाहेरून कोणी जोर लावला की इंजिनीअरची विद्या कशी अचानक पावते याचं एक उदाहरण माझं आवडतं आहे. अमेरिकेत टेनेसीच्या डकटाउनला तांब्याचं गंधकवालं खनिज उघड्यावर ढीग करून भाजायचे, धुराने आजूबाजूची झाडं पार नाहीशी झाली, डोंगर लाल उघडे पडले. धूर शेजारच्या जॉर्जिया राज्यात जायचा म्हणून जॉर्जियाने दावा लावला आणि १९०७ मध्ये सुप्रीम कोर्टाने जॉर्जियाच्या बाजूने निकाल दिला. मग त्याच कंपन्यांनी तोच धूर पकडून त्याचं गंधकाम्ल केलं आणि ते त्यांचं मोठं विक्रीचं उत्पादन झालं. गंधकाम्ल कसं करायचं हे काय १९०७ मध्ये नव्याने कळलं होतं?

रिसायकलिंगचा मुद्दा आता झटक्यात घेतो. अॅल्युमिनियम परत वितळवायला नव्याने करण्याच्या फक्त ५ टक्क्यांच्या आसपास ऊर्जा लागते, हे उत्तमच आहे, करायलाच पाहिजे. पण ते करणार कोण? भंगारातल्या पोलादात मोटरच्या वायरींचं तांबं मिसळलं की ते पुढे काढता येत नाही, गरम असताना लाटलं की पत्र्याला चिरा पडतात, आणि उपाय काय तर चांगलं लोखंड घालून पातळ करत बसायचं. हा शुद्ध मेटलर्जीचा प्रश्न आहे. आणि जे खोदावं लागणार आहे त्याचं गणितही बदललंय. ०.६ टक्के तांब्याचं खनिज आज चालतं. म्हणजे हजार किलो दगड दळायचा, त्यातलं सहा किलो तांबं, तेही सगळं हाती लागत नाही, आणि ९९४ किलो पीठ कुठेतरी कायमचं ठेवायचं. अशा धंद्यात मुख्य काम कोणतं, सहा किलोचं की ९९४ किलोचं?

कॉम्प्युटरवाल्यांना एवढंच सांगतो की मॉडेल आम्हाला परकं नाही. चार भोकांतल्या नमुन्यांवरून मधल्या खडकात किती सोनं असेल याचा अंदाज बांधायचं गणित डॅनी क्रिग नावाच्या दक्षिण आफ्रिकेतल्या खाण इंजिनीअरने १९५१ मध्ये मांडलं, आणि मशीन लर्निंगमधली गॉसियन प्रोसेस नावाची अंदाज बांधायची पद्धत ही त्याचीच सख्खी बहीण. पण ब्रे-एक्सच्या कालवलेल्या नमुन्यांवर कुठलंही मॉडेल चालवलं असतं तरी सुरेखच आकृती निघाली असती. पिशवीत सोन्याची पूड कोणी टाकली का हे विचारायला पिशवीपर्यंत जावं लागतं.

या पेशाच्या कैवाऱ्यांवरही माझा राग आहे, कारण घरात आग त्यांनीच लावलीय. गेल्या पन्नासेक वर्षांत मेटलर्जीवाले हळूहळू खाणीपासून लांब सरकले, मटेरियल्सकडे गेले, सेमीकंडक्टर, पॉलिमर, सिरॅमिक. त्यातून अफाट काम झालं, वाद नाही. पण खनिजातून धातू काढायचा आणि उरलेल्याची विल्हेवाट लावायची हा भाग अभ्यासक्रमात कोपऱ्यात गेला, आणि मायनिंगवाले उत्पादनाच्या टनांत अडकले. दगड फोडणाऱ्याला भट्टीतून धूर काय निघणार ते माहीत नाही आणि भट्टीवाल्याला दगड कुठल्या थरातला ते माहीत नाही. फ्रायबर्गने ज्या गोष्टी मुद्दाम एका छपराखाली आणल्या होत्या त्या आपण मुद्दाम वेगळ्या केल्या. शिवाय दीडशे वर्षं अर्धी माणसं दाराबाहेर. ब्रिटनने १८४२ मध्ये बायकांना खाणीत उतरायला बंदी केली, १९३५ च्या आंतरराष्ट्रीय कराराने ती जगभर नेली, हेतू संरक्षणाचा होता पण त्याने इंजिनीअर व्हायची वाटही बुजली, आणि आता हेच लोक विचारतात की विद्यार्थी का मिळत नाहीत. एलेन स्वॉलो रिचर्ड्स १८७९ मध्ये अमेरिकेच्या खाण इंजिनीअरांच्या संस्थेची पहिली स्त्री सदस्य झाली, आणि तिचं मोठं काम कशावर? पाण्याच्या तपासणीवर.

तेव्हा डिपार्टमेंट बंद करायचं असेल तर खुशाल करा, पण आधी सांगा की आत्ता उभी असलेली गाळाची धरणं दरवर्षी कोण तपासणार, आणि त्याचा पगार कोण देणार. डिपार्टमेंट वाचवायचं असेल तरी हाच प्रश्न आहे. मला विचाराल तर तपासणाऱ्याची नेमणूक आणि फी खाणमालकाकडून काढून घ्यावी, मालकांकडून सक्तीने जमा केलेल्या निधीतून सरकारी नियामकाने द्यावी, त्याचा रिपोर्ट त्याच दिवशी धरणाखालच्या गावाला मिळावा, आणि अभ्यासक्रमात खाण उघडण्याइतकाच वेळ ती बंद करण्याला द्यावा. हे अशक्य आहे असं कोणी म्हणेल तर जर्मनीत बघावं. रुहरमधली शेवटची दगडी कोळशाची खाण डिसेंबर २०१८ मध्ये बंद झाली, एक टनसुद्धा आता वर येत नाही, पण खाली इतकं पोकळ करून ठेवलंय आणि वरची जमीन इतकी खचलीय की पंप कायमचे चालू ठेवावे लागणार, नाहीतर खाणीतलं पाणी पिण्याच्या पाण्यात मिसळेल आणि खचलेल्या भागात तळी साचतील. त्या खर्चासाठी वेगळी संस्था आणि निधी आधीच उभा केलाय, आणि बोखुमच्या कॉलेजात बंद खाणींनंतरच्या कामाची मास्टर्स डिग्री मिळते. तिथून बाहेर पडणाऱ्या इंजिनीअरांनी कोळसा काढायचा नाहीये, तरी त्यांना कामाची ददात नाही.